प्रोसेसरचं तापमान ३८, ३१ की १२७? खरं कुणाचं मानायचं?

खटपट्या · शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, डोकं तापलंय. प्रोसेसरचं की माझं, तेवढंच ठरवायचं आहे.

मागच्या आठवड्यात जुना मदरबोर्ड निवृत्त केला आणि नवी जोडणी केली. इंटेल कोअर आय-फाइव्ह १२४००, नवा बोर्ड, नवी रॅम. कूलर जुनाच, चार हीटपाइपवाला (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) टॉवर. आधीच्या प्रोसेसरवर पाच वर्षं इमानेइतबारे चालला होता, म्हणून तोच बसवला.

आता गंमत बघा. मशीन नुसतं चालू आहे, काही काम नाही. कोअर टेम्प हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणतं ३८. बोर्डाबरोबर आलेलं सॉफ्टवेअर म्हणतं ३१. एक जुनं, मुद्दाम जपून ठेवलेलं सॉफ्टवेअर आहे, ते ३१ आणि ३८ दोन्ही दाखवतं, वर तिसऱ्या ओळीत १२७! पूर्ण लोड दिला की कोअर टेम्प ७६ वर जातं आणि बोर्डवालं ४९ वर थांबतं.

हीटसिंकला (कूलरच्या धातूच्या भागाला) हात लावला तर जेमतेम कोमट. ७६ अंशाची वस्तू हाताला कोमट लागेल का? इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक होती, ती कूलरच्या बुडावर रोखली तर ३०. खोलीत २७ आहे.

माझं मत ४९ च्या बाजूने झुकतंय. कोअर टेम्पचा सेन्सर बिघडलाय असं समजू का?


रात्रपाळी · शनिवार, रात्री ९:३०

मशीन बंद पडतंय का? नाही. अडकतंय का? नाही. मग सॉफ्टवेअर काढून टाका आणि झोपा. पूर्वी कुणी तापमान बघत नव्हतं, तरी चालायचेच ना प्रोसेसर.


गंजका_स्क्रू · शनिवार, रात्री ९:५१

रात्रपाळी, पूर्वी चालायचे तसे जळायचेही.

खटपट्या, सर्वांत कमी आकड्यावर विश्वास ठेवावासा वाटणं हा मनुष्यस्वभाव आहे, पण इथे तीन सॉफ्टवेअर एकाच गोष्टीबद्दल बोलतच नाहीयेत. बहुतेक बोर्डवालं सॉफ्टवेअर सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) आसपासचं तापमान सांगतंय. बोर्डावर सुपर आय-ओ नावाची एक चिप असते (बऱ्याचदा नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची). पंख्यांचे फेरे, व्होल्टेज आणि दोन-चार ठिकाणची तापमानं मोजणं हे तिचं काम. तिला जोडलेला एक सेन्सर सॉकेटजवळ बोर्डात बसवलेला असतो. तिथे उष्णता पोचेपर्यंत वाटेत बरीच सांडलेली असते. त्यामुळे ४९ हा आकडा खोटा नाही, तो दुसऱ्या जागेचा आहे.

कोअर टेम्प मात्र थेट सिलिकॉनच्या आतला सेन्सर वाचतं. इंटेलचा कोअर ड्युओ २००६ मध्ये आला, तेव्हापासून प्रत्येक कोअरमध्ये डिजिटल सेन्सर असतो.

१२७ चं उत्तर सर्वांत सोपं. त्या चिपच्या एखाद्या पायाला काहीच जोडलेलं नसतं. जुनं सॉफ्टवेअर त्या मोकळ्या पायाचंही वाचन छापतं. आठ बिटांच्या चिन्हासहित संख्येत मावणारा सर्वांत मोठा आकडा १२७ आणि सर्वांत लहान उणे १२८. हे दोन दिसले की समजायचं, पलीकडे कुणी नाही.


खटपट्या · शनिवार, रात्री १०:०५

१२७ चा प्रश्न मिटला, धन्यवाद. मी त्या आकड्यावरून रात्री दोनदा उठून प्लग काढला होता.

पण आतला सेन्सर चुकीचा असू शकतो ना? त्याला कोण तपासतं?


साळुंकी · शनिवार, रात्री १०:४०

असू शकतो आणि त्याला इतिहासही आहे. जरा लांबण लावते.

इंटेलचा हा सेन्सर "मी ३८ अंशांवर आहे" असं सांगतच नाही. तो सांगतो, "कमाल मर्यादेपासून मी ६२ अंश खाली आहे." या मर्यादेला टीजे-मॅक्स म्हणतात. तुमच्या १२४०० ची आहे १००. सॉफ्टवेअर १०० मधून ६२ वजा करून ३८ दाखवतं. म्हणजे टीजे-मॅक्सच चुकीचा धरला तर पुढचा प्रत्येक आकडा तेवढ्याच अंशांनी चुकणार.

कोअर टू या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरच्या काळात नेमकं हेच झालं होतं. तेव्हा डेस्कटॉप प्रोसेसरचा टीजे-मॅक्स वाचायची धड सोय नव्हती. एक सॉफ्टवेअर ९५ धरायचं, दुसरं १०५. त्याच मशीनवर दोघांत सरळ दहा अंशांचा फरक. लोक फोरमवर हमरीतुमरीवर यायचे. शेवटी २००८ मध्ये इंटेलने आपल्या डेव्हलपर परिषदेत वेगवेगळ्या प्रोसेसरचे आकडे जाहीर केले. त्यानंतरच्या नेहॅलेम पिढीपासून ही मर्यादा प्रोसेसरच्या एका रजिस्टरमधूनच वाचता येते, त्यामुळे अंदाजपंचे कारभार संपला. मात्र तुमच्या प्रोसेसरपेक्षा जुनं सॉफ्टवेअर वापरलं तर तो परत सुरू होऊ शकतो.

दुसरी गोष्ट. हा सेन्सर मुळात संरक्षणासाठी आहे. १०० च्या जवळ तो नेमका असावा यावर भर असतो, ३०-३५ च्या आसपास थोडा इकडेतिकडे गेला तरी प्रोसेसरचं काही बिघडत नाही. ४५ नॅनोमीटरच्या कोअर टू मध्ये तर काही सेन्सर खालच्या बाजूला चक्क अडकायचे. खोली कितीही थंड असो, एखादा कोअर ४२ च्या खाली उतरायचाच नाही आणि लोड दिला की बाकीच्यांबरोबर गपगुमान वर चढायचा.

तेव्हा तुमच्या ३८ मध्ये तीन-चार अंशांची चूक असेल तर मला नवल वाटणार नाही. ७६ मध्ये सत्तावीस अंशांची चूक असेल असं मात्र अजिबात वाटत नाही.


तिरकस · शनिवार, रात्री ११:०२

एएमडीवाल्यांनी इथे हात वर करावेत.

माझ्या जुन्या एफएक्सवर (एएमडीचा प्रोसेसर) सकाळी खोलीत २० असताना प्रोसेसर ११ दाखवायचा. साध्या पंख्याने खोलीच्या खाली! मला वाटलं आपल्या हातून नकळत मोठा शोध लागला. नंतर कळलं की तो आकडा तापमानाचा नव्हेच. टी-कंट्रोल नावाची ती एक काल्पनिक मोजपट्टी होती, पंखा कधी वाढवायचा हे ठरवण्यापुरती. वरच्या टोकाला अर्थ, खालच्या टोकाला नुसती करमणूक.

त्याच्याही आधीच्या काही प्रोसेसरमध्ये तर सेन्सरच बेभरवशाचा होता. एएमडीच्या चुकांच्या यादीत त्याला ३१९ क्रमांक आहे. लिनक्सचा ड्रायव्हर त्या प्रोसेसरवर "सेन्सर विश्वासार्ह नाही" असं सांगून आकडा दाखवायलाच नकार देतो. असा प्रामाणिकपणा माणसांत दुर्मीळ.


मीठभाकर · शनिवार, रात्री ११:१५

+१ तिरकस.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या पहिल्या पिढीत वेगळीच तऱ्हा. १७००एक्स आणि १८००एक्स खऱ्या तापमानात २० अंश मिळवून सांगायचे. उद्देश असा की वेगवेगळ्या प्रोसेसरवर पंख्यांचं वागणं सारखं राहावं. २०१७ मध्ये लोकांनी बोंब मारल्यावर एएमडीने खुलासा केला. साध्या १७०० ला ही भर नव्हती. २७००एक्स ला १० अंशांची होती, थ्रेडरिपरला २७ ची. नवी सॉफ्टवेअर दोन्ही आकडे वेगळे दाखवतात, जुनी मिळवलेलाच दाखवतात. सेकंडहँड १७००एक्स घेणारे अजूनही दर महिन्याला कुठे ना कुठे "नुसता बसून ६५ अंश!" असा धागा काढतात.


अनुस्वार · शनिवार, रात्री ११:२०

वाचतेय. माझा लॅपटॉप दिवसरात्र २७.८ दाखवतो. व्हिडिओ लावला तरी २७.८, दहा टॅब उघडले तरी २७.८. इतका शांत लॅपटॉप मिळाल्याबद्दल मी आजवर स्वतःला भाग्यवान समजत होते. हा धागा वाचून पोटात गोळा आलाय.


गंजका_स्क्रू · शनिवार, रात्री ११:३३

अनुस्वार, गोळा येऊ द्या. ते तापमान नाही.

लॅपटॉपचं बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) ऑपरेटिंग सिस्टिमला एक "थर्मल झोन" दाखवतं. तिथलं वाचन केल्विनच्या दशांशात असतं. बऱ्याच बायोसमध्ये तिथे ३०१० असा कायमचा आकडा लिहून ठेवलेला असतो. म्हणजे ३०१ केल्विन, त्यातून २७३.१५ गेले की २७.८५. विंडोजच्या स्क्रिप्ट आणि काही फुकटे विजेट इथूनच वाचतात. प्रोसेसरचा सेन्सर थेट वाचणारं काहीतरी टाका. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स.


शंकासुर · रविवार, सकाळी ७:४८

चर्चा छान, पण मूळ प्रश्न तसाच आहे. खटपट्यांनी विचारलंय की सेन्सर तपासायचा कसा. "साधारणतः बरोबर असतो" हे काही उत्तर नव्हे.


चक्रधारी · रविवार, सकाळी ८:१०

सोपं आहे. पंखा काढा, लोड द्या. १०० ला पोचून क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली आला तर सेन्सर बरोबर. प्रोसेसर स्वतःला सांभाळतो, जळत नाही.


शंकासुर · रविवार, सकाळी ८:२२

यातून काय सिद्ध झालं? क्लॉक खाली आणणारी यंत्रणा त्याच सेन्सरवर चालते. सेन्सर वीस अंश खोटं बोलत असेल तर तो खोट्या १०० ला क्लॉक उतरवेल आणि तुम्ही म्हणाल, वा, बरोबर! आरोपीलाच साक्षीला उभं केल्यासारखं आहे हे. फार तर एवढं कळेल की सॉफ्टवेअरने टीजे-मॅक्स बरोबर धरलाय.


साळुंकी · रविवार, सकाळी ९:०५

शंकासुरांशी सहमत. साक्षीदार बाहेरचा हवा, आणि घरी उपलब्ध असलेला बाहेरचा साक्षीदार एकच: हवा.

चिप हवेपेक्षा किती गरम होणार हे ती किती वॉट खाते यावर ठरतं, आणि हे गणित जवळपास सरळ रेषेचं आहे. दर वॉटमागे ठरावीक अंश. मग उलटा विचार करा. वॉट कमी कमी करत शून्यावर नेले तर चिपचं तापमान कूलरच्या तोंडाशी असलेल्या हवेइतकं यायला हवं. शून्य वॉटला प्रोसेसर चालणार नाही हे उघड आहे, पण दोन-तीन ठिकाणी मोजून रेषा मागे वाढवता येते. ती हवेच्या तापमानाला जाऊन टेकली तर सेन्सरमध्ये कायमची भर किंवा घट नाही. दहा अंश वर टेकली तर सेन्सर दहा अंश चढवून सांगतोय. खोलीच्याही खाली गेली तर तिरकस यांचं एफएक्स.

खटपट्या, असं करा. बायोसमध्ये प्रोसेसरच्या पंख्याचा वेग एकाच ठिकाणी पक्का करा, नाहीतर लोडबरोबर पंखा वाढेल आणि रेषा वाकडी होईल. मग पॉवर लिमिट २५ वॉट करा. लघु मुदतीची आणि दीर्घ मुदतीची, दोन्ही. सगळ्या कोअरवर एकच लोड द्या, दहा मिनिटं थांबा, पॅकेजचं (अख्ख्या प्रोसेसरचं) तापमान लिहून घ्या. तेच ४५ ला आणि ६५ ला. कूलरच्या पंख्यासमोर, कॅबिनेटच्या आत, साधा थर्मामीटर लटकवा. खोलीचं तापमान चालणार नाही, आतली हवा दोन-तीन अंश गरम असते.

आणि मोजताना तापमान दाखवणारं एकच सॉफ्टवेअर चालू ठेवा. दोन-तीन एकदम चालू असली की त्या सुपर आय-ओ चिपला एकाच वेळी प्रश्न विचारतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या पदरात पडतं. शिवाय दर अर्ध्या सेकंदाला वाचणारं सॉफ्टवेअर झोपलेल्या कोअरना स्वतःच उठवतं. बाळ झोपलंय का हे बघायला दर मिनिटाला दार वाजवण्यासारखं आहे ते.


मीठभाकर · रविवार, सकाळी ९:३०

छान युक्ती आहे. एक पुरवणी: वॉटचा आकडा हाही शेवटी प्रोसेसरचा अंदाजच असतो. इंटेलवर बराच बरा. एएमडीवर तो बोर्डाने कळवलेल्या विद्युतप्रवाहावर अवलंबून असतो, आणि काही बोर्ड तो मुद्दाम कमी कळवतात हे २०२० मध्ये उघडकीला आलं होतं. एचडब्ल्यूइन्फोने त्यासाठी वेगळी ओळच दिली आहे. एएमडीवर हा प्रयोग करणाऱ्यांनी ती आधी बघावी.


रात्रपाळी · रविवार, सकाळी ११:५५

आत्ता उठलो. तुम्ही लोक रविवारी सकाळी आलेख काढताय?


खटपट्या · रविवार, दुपारी ४:२०

काढला! हे घ्या आकडे. पंखा पक्का, कॅबिनेटमधली हवा २९.

२५ वॉट: ४७
४५ वॉट: ६१
६५ वॉट: ७६

कागदावर पट्टीने रेषा मागे ओढली तर शून्याला २९ च्या जरा खाली टेकते. म्हणजे सेन्सर बरोबर? पण मग हीटसिंक कोमट का? आणि बंदूक ३० का दाखवते?


गंजका_स्क्रू · रविवार, दुपारी ४:४५

बंदुकीचं मी सांगतो. चकचकीत धातूवर ती निरुपयोगी आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर वस्तूतून बाहेर पडणारे उष्णताकिरण मोजतो आणि आतल्या आत धरून चालतो की वस्तू जवळजवळ काळ्या पृष्ठभागासारखी किरणं सोडते, साधारण ०.९५ या प्रमाणात. घासलेलं तांबं, निकेल किंवा ॲल्युमिनियम त्याच्या एक दशांशाच्या आसपासच सोडतं, बाकी आरशासारखं समोरचं परावर्तित करतं. तुम्ही कूलरचं नव्हे, समोरच्या भिंतीचं आणि स्वतःच्या शर्टाचं तापमान मोजलंत. बुडाच्या कडेला काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, तो तापू द्या, मग टेपवर नेम धरा.


चक्रधारी · रविवार, दुपारी ५:०२

आणि हीटसिंक कोमट म्हणजे उष्णता तिथपर्यंत पोचतच नाहीये. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट सुकली असणार.


साळुंकी · रविवार, संध्याकाळी ५:४०

चक्रधारी, निदान बरोबर असेलही, पण कारण चुकलं, आणि ही चूक इतके जण करतात की थांबून सांगायला हवं.

प्रोसेसर ६५ वॉट खातोय आणि दहा मिनिटांनी तापमान स्थिरावलंय. मग ती ६५ वॉट उष्णता कुठे जाते? थोडी बोर्डात, बाकी सगळी हीटसिंकमधूनच. पेस्ट उत्तम असो की सुकलेली, हीटसिंकमधून हवेत जाणारी उष्णता तेवढीच, म्हणून पात्यांचं तापमानही तेवढंच. फरक पडतो तो चिप आणि कूलरचं बूड यांच्या मधल्या उडीत. वाईट सांध्यातून तेवढीच उष्णता ढकलायला चिपला जास्त तापावं लागतं. त्यामुळे कोमट हीटसिंकवरून सेन्सर खोटा आहे असंही म्हणता येत नाही आणि सांधा वाईट आहे असंही नाही. हात फक्त एवढंच सांगतो की कूलर ६५ वॉट आरामात फेकतोय. (प्रोसेसर मर्यादेला आपटून वॉटच कमी करत असेल तर गोष्ट वेगळी. तुमचा ७६ लाच आहे.)

खरी बातमी तुमच्या रेषेच्या चढात आहे. ४० वॉट वाढले तर २९ अंश वाढले. वॉटमागे पाऊण अंशाला थोडं कमी. चार हीटपाइपच्या टॉवरला या प्रोसेसरवर याच्या निम्म्यावर यायला हवं होतं.


शंकासुर · रविवार, संध्याकाळी ६:१०

माफ करा, पण एक पळवाट राहिली. रेषा २९ ला टेकली यावरून कायमची भर नाही एवढंच कळलं. सेन्सर प्रत्येक अंश दीडपट करून सांगत असेल तर? हवेच्या जवळ बरोबर, पुढे पुढे चढता. टेकायची जागा तीच राहील, चढ वाढेल. मग तुम्ही कूलरला दोष द्याल आणि खरा दोषी सेन्सर सुटेल.


साळुंकी · रविवार, संध्याकाळी ६:२५

शंकासुर, तुमच्या नावाला जागलात. पळवाट खरी आहे, आणि बसल्या जागी ती बुजवता येत नाही. मात्र अशी चूक कारखान्यातून सुटणं अवघड, कारण वरचं टोक तिथे तपासलेलं असतं.

खटपट्या, खोलायच्या आधी आणखी एकच करा. ६५ वॉटवर स्थिर झाल्यावर लोड झटकन बंद करा आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत आकडा कितीवर पडतो ते बघा. सिलिकॉन इवलंसं आहे, ते लगेच थंडावतं. हीटसिंक जड आहे, त्याला मिनिटं लागतात. पहिली धाडकन पडझड म्हणजे चिप ते बूड हा टप्पा, नंतरची सावकाश उतरण म्हणजे हीटसिंक.


खटपट्या · रविवार, रात्री ८:३५

७६ वरून तीन सेकंदांत ४८. मग सहा मिनिटं घेत घेत ३७.

काळी टेप लावून बंदूक मारली: लोडवर बूड ४१! काल ३० म्हणत होती. बंदुकीची माफी मागितली.

म्हणजे बूड ४१ आणि चिप ७६, मधे ३५ अंश. एवढी मोठी उडी?


मीठभाकर · रविवार, रात्री ८:५०

एक शंका. कूलर जुना म्हणालात. आधीचा सॉकेट कोणता? आणि ब्रॅकेट कुठलं वापरलंत?


खटपट्या · रविवार, रात्री ८:५८

आधी एलजीए १२०० होता. ब्रॅकेट तेच. या बोर्डावर दोन्ही मापांची भोकं आहेत, जुनं अगदी व्यवस्थित बसलं. स्क्रूही पूर्ण आवळलेत.


मीठभाकर · रविवार, रात्री ९:०४

सापडला चोर.

तुमचा सॉकेट एलजीए १७००. जुन्यात स्क्रूच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, यात ७८. काही बोर्डांनी सोयीसाठी दोन्ही भोकं ठेवली. पण भोकं जुळली म्हणून उंची जुळत नाही. १७०० चा प्रोसेसर सॉकेटमध्ये जुन्यापेक्षा खाली बसतो. फरक मिलिमीटरच्या आतबाहेरचा, पण जुने स्टँडऑफ (कूलर ज्यांवर आवळतात ते खुंट) तेवढेच उंच. स्क्रू शेवटपर्यंत आवळला जातो, हाताला घट्ट लागतो, आणि बूड मात्र प्रोसेसरवर दाबलंच जात नाही, नुसतं पेस्टवर तरंगतं. कूलर बनवणाऱ्यांनी बहुतेक जुन्या मॉडेलसाठी १७०० चे वेगळे भाग काढले आहेत, ते मागवा.


चक्रधारी · रविवार, रात्री ९:१०

म्हणजे उष्णता पोचत नव्हती हे माझं बरोबरच होतं!


साळुंकी · रविवार, रात्री ९:१४

पोचत होती. रडतखडत पोचत होती. :)


रात्रपाळी · रविवार, रात्री ९:४०

७६ ला काहीही होत नाही हो. इंटेल स्वतः १०० म्हणतंय. रायझन ७००० मधले मोठे तर ठरवूनच ९५ वर चालतात, एएमडीने तसं सांगूनच विकले. उगाच चांगलं चाललेलं खोलू नका.


गंजका_स्क्रू · रविवार, रात्री ९:५५

रात्रपाळी, त्या ९५ ची गोष्ट खरी आहे. पण तिथे प्रोसेसर १७०-२३० वॉट ओढत असतो आणि ९५ गाठेपर्यंत वेग वाढवत राहायचं असं त्याला शिकवलेलं आहे. इथे ६५ वॉटला ७६ आहे. १२४०० थोड्या वेळासाठी ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो. याच चढाने मोजा: २९ अधिक ८५, म्हणजे ११४. म्हणजे तिथे पोचायच्या आधीच १०० ला आपटून वेग उतरणार. आकडा भीतीदायक नाही हे कबूल, पण बसवणूक चुकलेली आहे ना?


खटपट्या · पुढचा शनिवार, संध्याकाळी ७:१०

भाग आले. खोलला. कूलर उचलला तेव्हा तो चिकटलेलाही नव्हता, अलगद हातात आला, तेव्हाच समजलं. प्रोसेसरवरची पेस्ट एका बाजूला पसरलेली आणि दुसऱ्या बाजूला जशी घातली तशीच, मधोमध ठिपक्यासारखी उभी. फोटो काढायचा राहिला, घाईत पुसून टाकली. शिव्या घाला.

१७०० चे स्टँडऑफ लावले, नवी पेस्ट, पंखा त्याच वेगावर, हवा पुन्हा २९.

२५ वॉट: ३९
४५ वॉट: ४७
६५ वॉट: ५५

लोड बंद केल्यावर ५५ वरून झटकन ४४, मग हळूहळू ३३. टेपवर बूड ४१, म्हणजे जैसे थे! साळुंकीताई, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, तरी बघून चकित झालो. हाताला हीटसिंक तेवढाच कोमट, आणि चिप एकवीस अंशांनी थंड.

बोर्डवालं सॉफ्टवेअर आता लोडवर ४४ म्हणतंय, आधी ४९ म्हणायचं. त्याच्यावर विसंबलो असतो तर या एकवीस अंशांतले पाचच दिसले असते.


शंकासुर · शनिवार, संध्याकाळी ७:३०

त्याच सेन्सरने आता वॉटमागे ०.४ दाखवलं आणि रेषा परत २९ लाच टेकली. सेन्सर दीडपट करून सांगणारा असता तर कूलर बदलून बसवल्यावरही दीडपटच राहिला असता. माझी पळवाट बंद झाली असं मी जाहीर करतो. जवळपास.


तिरकस · शनिवार, संध्याकाळी ७:३४

"जवळपास"ला दंडवत.


चक्रधारी · शनिवार, संध्याकाळी ७:५०

११७ वॉटला आता किती?


खटपट्या · शनिवार, रात्री ८:२५

७७. तुमच्या ०.४ ने ७६ यायला हवं होतं, एक अंश जास्तीचा आला. माझ्या डोळ्यांसमोर चालू आहे, क्लॉक हललेला नाही.


साळुंकी · शनिवार, रात्री ८:४०

जास्तीचा नाही, हवा तापली असेल. थर्मामीटर बघा, कॅबिनेटमध्ये ३० झाले असतील.


खटपट्या · शनिवार, रात्री ८:४३

३०.


अनुस्वार · शनिवार, रात्री ९:१५

मधल्या काळात मीही एचडब्ल्यूइन्फो टाकलं. माझा २७.८ वाला शांत लॅपटॉप. आधी कोपऱ्यातल्या विजेटकडे बघितलं: २७.८. मग प्रोसेसरच्या ओळीकडे: ९७. खाली "थर्मल थ्रॉटलिंग: होय" (तापल्यामुळे वेग उतरवलाय), आणि ते "होय" लाल रंगात.

उलटा करून बघितला तर हवा आत घ्यायची जाळी दिसतच नाहीये, तिथे राखाडी रंगाची गोधडी आहे. मला वाटायचं की तो जुना झाला म्हणून हळू चालतो.


गंजका_स्क्रू · शनिवार, रात्री ९:२१

बॅटरी काढता येत असेल तर आधी काढा. आणि ब्रशने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका. नंतरचा आकडा इथे टाका.


अनुस्वार · शनिवार, रात्री १०:४८

७१. आणि विजेट अजूनही २७.८ म्हणतंय.